मोंटे कार्लोची माती, आपली खारी हवा

मागच्या अंकात मोंटे कार्लोच्या, लाल मातीच्या कोर्टावरच्या पुरुषांच्या टेनिस स्पर्धेवर मी जेमतेम अर्धे पान लिहिले. एप्रिलमध्ये आपल्या दुपारी अडीचला, म्हणजे शीत-कडी जेवून माणूस आडवा होतो त्या वेळेला, तिथले सामने सुरू होतात आणि ते बघताना मला पणजीच्या आमच्या जुन्या कोर्टाचा वास येतो, आणि समुद्राच्या जड हवेने तिथे चेंडू मंदावतो, एवढेच म्हटले होते. तेवढ्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. एरवी या सदराला फुटबॉल सोडून कोणी काही विचारत नाही. जागेअभावी पत्रे कापली आहेत, रागावू नये.

सर, समुद्राच्या दमट हवेमुळे मोंटे कार्लोत चेंडू मंदावतो, कारण ती हवा जड असते, असे तुम्ही लिहिलेत. मी शाळेत विज्ञान शिकवते. दमट हवा जड नसते. मग हे कसे?
— एक शिक्षिका, म्हापसा

बाई, पकडलेत. ‘जड हवा’ हे टेनिसवाल्यांचे बोलणे, मीही तसेच उचलून ठेवले. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, म्हणून दमट हवा उलट कणभर विरळच. जड होतो तो चेंडू. त्याच्या अंगावरचे फेल्ट म्हणजे लोकर आणि नायलॉन. ते ओल पिते, पिंजारते आणि पिंजारलेला चेंडू हवेत जास्त अडतो. जुलै महिन्यात आपल्या कपाटातली शाल हातात घेऊन बघा, काय म्हणतो ते कळेल. वर कोर्टाची ओलसर भुकटी त्या लोकरीत शिरते. त्यात थंडी असली तर चेंडूतल्या हवेचा दाब उतरतो आणि रबरही आळसावते. एप्रिलमध्ये त्या किनाऱ्यावर ऊन असले तर चेंडू बऱ्यापैकी उसळतो. ढग आले, बारीक सर पडून गेली की त्याच कोर्टावर दुपारनंतर वेगळाच खेळ चालतो.

याच्या उलट माद्रिदची स्पर्धा. ते शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच, तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ. ७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण जो फटका मोंटे कार्लोत बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, आत पडतो तो तिथे वीतभर बाहेर जातो. कोर्ट दोन्हीकडे विटांच्या भुकटीचेच. तेव्हा मोंटे कार्लो गाजवून आलेला माणूस पुढे माद्रिदला चाचपडताना दिसला, तर लगेच ‘संपला बिचारा’ म्हणू नये. त्याचे हात अजून किनाऱ्यावरच असतात.

नदाल तिथे ११ वेळा जिंकला. एकच माणूस जिंकत असताना तुम्हाला कंटाळा येत नव्हता का? आणि फेडरर एकदाही का नाही?
— कॉलेजचा विद्यार्थी, मडगाव

येत होता, खोटे कशाला बोलू? २००५ ते २०१२ सलग आठ वर्षे, मग २०१६, २०१७, २०१८. पहिल्यांदा जिंकला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १२ अंतिम सामने खेळला, त्यातला एकच हरला, २०१३ चा, जोकोविचकडून. त्या दिवशी तिथली त्याची सलग ४६ विजयांची माळ तुटली. मी घरात एकटाच होतो, तरी उठून उभा राहिलो.

पण कंटाळा बाजूला ठेवून त्याचे पाय बघ. मोंटे कार्लोत एका चांगल्या फटक्यावर पॉइंट मिळत नाही. तो चेंडू परत येतो. दुसरा मारलास, तोही येतो, फक्त थोडा आखूड. तिसऱ्यावर घाई केली की जाळ्यात. नदाल तिसऱ्यावरही घाई करत नसे. आणि दोन फटक्यांच्या मध्ये पाच-सहा बारीक पावले टाकून बॅकहँडच्या, म्हणजे हाताच्या पाठीकडून मारायच्या, कोपऱ्यातल्या चेंडूलाही वळसा घालून तळहाताकडचा फोरहँडच मारत असे. तेवढा वेळ त्याला त्या संथ कोर्टाने दिला. जलद कोर्टावर तो वळसा पुरा व्हायच्या आधी चेंडू मागच्या फळीवर आपटतो.

फेडरर तिथे चार अंतिम सामने हरला. २००६, २००७ आणि २००८ साली नदालकडून, २०१४ साली आपल्याच देशाच्या वावरिंकाकडून. नदाल डावखुरा, त्याची फिरकी उसळून फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर जायची. त्या उंचीवरून एका हाताने मारणे म्हणजे माळ्यावरचे पातेले एका हाताने काढणे. २०१३ साली मी याच पानावर मोठ्या ऐटीत लिहिले होते की एकहाती बॅकहँडवाल्याने मोंटे कार्लो जिंकायचे दिवस गेले. पुढच्याच एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना एकहाती बॅकहँड! वावरिंका जिंकला. पुढे त्सित्सिपास आला, तोही एकहाती, आणि २०२१, २०२२, २०२४ अशी तीनदा स्पर्धा घेऊन गेला. तेव्हा मला चिमटा काढणारे पोस्टकार्ड पाठवणाऱ्या काणकोणच्या वाचकाला मी उत्तर दिले नव्हते. हे घ्या.

नदालच्या पूर्वी नास्तासे १९७१ ते ७३ सलग तीनदा, बोर्ग तीनदा, मुस्टर तीनदा. त्सित्सिपास आता त्यांच्या रांगेत. नदालनंतरच्या यादीत मला सर्वांत आवडतो तो २०१९ चा फोग्निनी. उपांत्य फेरीत त्याने नदालला ६-४, ६-२ असे घरी पाठवले. हा सानरेमोचा, म्हणजे त्याच किनाऱ्यावर थोडे पूर्वेला. त्याने ती हवा लहानपणापासून खाल्लेली. यावरून ‘तिथला माणूसच तिथे जिंकतो’ असा सिद्धांत मी मांडणार होतो, पण जोकोविचने तो उधळला. तो कित्येक वर्षे मोंटे कार्लोत राहिला, पण विजेतेपदे दोनच, २०१३ आणि २०१५. २०२२ आणि २०२५ साली तर तो पहिल्याच सामन्यात बाद झाला. २०२० ला कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही. २०२३ ला रुब्लेव्ह शेवटच्या सेटमध्ये १-४ असा मागे पडूनही जिंकला, स्वतःवर ओरडत ओरडत. २०२५ ला अल्काराझने पहिला सेट ३-६ गमावला आणि मग मुसेत्तीला ६-१, ६-० असे पुसून काढले. अर्थात मुसेत्तीचा पाय दुखावला होता, त्यामुळे त्या आकड्यांवर फार जाऊ नकोस.

ही स्पर्धा मोनाको देशात होते ना? आमच्याकडे पैज लागली आहे.
— चार मित्र, डिचोली

नाव मोनाकोचे, पण क्लब फ्रान्सच्या हद्दीत, रोकब्रून-काप-मार्तां या गावात. पत्रादेवीला राहून पणजीचा पत्ता सांगावा तसे. पैज कोण हरले ते कळवा.

आमच्याकडे तांबड्या मातीला तोटा नाही. कुळागराच्या वरच्या अंगाला सपाट जागा आहे. नातवंडांसाठी मोंटे कार्लोसारखे लाल कोर्ट करता येईल का? खर्च किती?
— बागायतदार, सत्तरी

करता येईल, पण तुमच्या जमिनीतली माती त्यात घालू नका.

टीव्हीवर दिसणारी लाल माती ही कच्ची माती नव्हे. तो भाजलेल्या विटांचा चुरा. जुने गवंडी ज्याला सुरकी म्हणत, चुन्यात कालवत, तीच वस्तू. आपली जांभ्याची माती पावसात चपलेला चिकटून येते आणि उन्हात दगड होते. भट्टीत भाजलेल्या मातीचे तसे होत नाही. डिचोलीच्या कुंभाराचे फुटके मडके वर्षभर विहिरीत पडू द्या, त्याचा चिखल होणार नाही. म्हणून विटांचा चुरा पाणी पितो आणि खाली सोडूनही देतो. पावसाची सर थांबल्यावर थोड्या वेळात तिकडे पुन्हा खेळ सुरू होतो त्याचे कारण हेच. सांगतात की १८८० च्या सुमारास फ्रान्सच्या कान शहरात रेनशॉ बंधू या इंग्लिश टेनिसपटूंची हिरवळीची कोर्टे उन्हाने करपू लागली, तेव्हा त्यांनी जवळच्या कुंभारगावातून फुटक्या भांड्यांची भुकटी आणून वर पसरली आणि तिथून हे लाल कोर्ट निघाले.

पॅरिसच्या रोलाँ गारोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या कोर्टावर, हा लाल थर किती जाड असेल? एक ते दोन मिलिमीटर! त्याखाली पांढऱ्या चुनखडीचा बारीक चुरा सहा-सात सेंटिमीटर, त्याखाली जळक्या कोळशाच्या खंगराचा थर तेवढाच, मग खडी, मग दगड. सगळी करामत त्या खालच्या घरात, वरचा लाल रंग म्हणजे भिंतीला दिलेला हात.

आता माझी गोष्ट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे. माझे वडील पणजीतल्या एका क्लबावर माळी होते. तिथली कोर्टे विटांची नव्हती. मुरूम, वर चाळलेली माती आणि शेणाचा पातळ सडा. रेषा चुन्याच्या. पहाटे पाचला ते हिरांच्या खराट्याने कोर्ट झाडत, झारीने पाणी शिंपडत आणि मग लोखंडी रोलर. मार्कर लोक, म्हणजे सभासदांबरोबर खेळणारे क्लबाचे नोकर, सहाला यायचे, त्याच्या आत सगळे उरकायचे. संध्याकाळी खेळ संपला की भिजवलेले गोणपाट दोरीने ओढत कोर्टभर गोल गोल फिरायचे, कडेकडून आत. ते काम माझे. आज मोंटे कार्लोत सेट संपल्यावर पोरे जाळी ओढतात, तीही तशीच गोल फिरतात. ते बघून माझे खांदे दुखतात.

तेरा वर्षांचा असताना एकदा वडिलांना ताप होता म्हणून मीच पाणी मारले. सहाच्या सहा झाऱ्या मोजून मारल्या, रोज मारत तेवढ्याच. पण आदल्या रात्री दव जबर पडले होते. सातला एक साहेब बेसलाइनवरून पुढे धावले ते तसेच बसून जाळ्यापर्यंत आले. पांढरी पॅन्ट मागून तांबडी. मला घरी येऊन वडिलांना सांगावे लागले. ते अंथरुणातूनच म्हणाले, “पांयांक विचार, झारयेक न्हय.” बरे झाल्यावर त्यांनी दाखवले. अनवाणी उभे राहायचे, टाच दाबायची. टाचेचा ठसा स्वच्छ उठला पाहिजे, ठशाला ओली चकाकी येता कामा नये आणि कडा भुरभुरता कामा नये. चकाकी आली तर थांबा, भुरभुरली तर अजून अर्धी झारी. हवामानखाते, घड्याळ, मोजमाप काही नाही.

पुढे त्या क्लबाने माती उकरून सिमेंट ओतले. देखभाल परवडत नाही म्हणाले. खरेही असेल.

तर तुमचे कोर्ट. पूर्ण कोर्ट धावायच्या जागेसकट साधारण ३६ गुणिले १८ मीटर लागते. त्यावर दोन मिलिमीटर थर म्हणजे सव्वा-दीड घनमीटर चुरा, लहान टेम्पोभर. खर्च त्यात नाही, खालच्या खडीत आणि निचऱ्यात आहे आणि सत्तरीत निचरा हाच प्रश्न. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणून जूनच्या आधी वरचा चुरा खरवडून गोण्यांत भरा, कोर्टावर माडाची चुडते अंथरा, चारी बाजूंनी चर ठेवा. ऑक्टोबरात पुन्हा पसरा. आम्ही तिघा जुन्या खेळाडूंनी एका शाळेमागे अर्धे कोर्ट असेच केले आहे, उतरवलेल्या मंगळुरी कौलांचा चुरा वापरून. कौले फुकट मिळाली, हाताने कुटताना मात्र जीव गेला. कुटताना नाकाला फडके बांधा, ती धूळ छातीला वाईट. आणि पिठासारखे बारीक करू नका, वाऱ्याने शेजाऱ्याच्या वाळवणावर जाते. आमचे जाऊन झाले आहे.

पंच खुर्चीवरून उतरून चेंडूचा ठसा बघत ती मजा होती. ते बंद का केले?
— निवृत्त पोस्टमास्तर, फोंडा

२०२५ पासून एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, सगळ्या स्पर्धांत, मातीवरच्यासुद्धा, रेषेचा निकाल कॅमेऱ्यांचे यंत्र देते. पॅरिसला मात्र २०२५ मध्येही रेषेवर माणसे उभी होती. भांडण मिटेल असे वाटले होते, पण मातीवर ठसा राहतो ना! त्याच वर्षी माद्रिदमध्ये झ्वेरेव्हला यंत्राचा निकाल पटला नाही, त्याने खिशातून, म्हणजे बाकावरून, मोबाइल आणून ठशाचा फोटो काढला. त्याला ताकीद मिळाली.

ठसा आणि यंत्र यांचे जमत नाही त्याला कारण आहे. चेंडू पडतो तेव्हा दबतो आणि पुढे घसरतो, म्हणून ठसा गोल नसून लांबट. भुकटी जाड असेल तिथे तो मोठा, उघडी पडली असेल तिथे अर्धाच. शिवाय रेषेची पट्टी मातीपेक्षा केसभर वर असते. यंत्र चेंडूची वाट मोजते, माती चेंडूने काय केले ते सांगते. मी वडिलांचा मुलगा, माझे मत मातीच्या बाजूने. पण जुन्या पद्धतीत पंच चुकीच्या ठशाकडे बोट दाखवून मोकळे होत, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मोंटे कार्लोचा तुमच्या आठवणीतला सर्वांत मोठा सामना?
— वाचक, पेडणे

१९९५ चा अंतिम, मुस्टर आणि बेकर. आदल्या दिवशी उपांत्य सामना जिंकून मुस्टर अंगातले पाणी संपून कोसळला, त्याला इस्पितळात नेले, सलाइन लावले. दुसऱ्या दिवशी तो कोर्टावर हजर! पहिले दोन सेट बेकरचे, ६-४, ७-५. तिसरा मुस्टरचा. चौथ्याच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ झाल्यावर सेट ठरवणाऱ्या डावात, बेकरला दोन मॅच पॉइंट, एक मिळाला की सामना त्याचा. त्याने दुसरी सर्व्हिसही पहिलीसारखी ठोकली आणि डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट घालवला. विम्बल्डन तीनदा जिंकलेला माणूस, त्याला जोरावरच विश्वास. तो सेट गेला आणि पाचवा ६-० मुस्टरचा. तेव्हा हा अंतिम सामना पाच सेटचा असे, २००७ पासून तीनचा केला. बेकरला कारकिर्दीत मातीवरची एकेरीची एकही स्पर्धा जिंकता आली नाही. मुस्टरने त्याच वर्षी पॅरिसही जिंकले.

निळ्या मातीवर एकदा खेळले होते ते कुठे?
— इयत्ता नववी, साखळी

माद्रिद, २०१२. टीव्हीवर पिवळा चेंडू उठून दिसावा म्हणून. फार घसरडे झाले, नदाल आणि जोकोविच दोघेही लवकर हरले आणि चिडले, फेडरर जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा लाल.

आपल्यापैकी कोणी तिथे काही केले आहे का? आपला पेस सोडून.
— वाचक, वास्को

पेस का सोडायचा? वडील वेस पेस गोव्यात जन्मलेले, म्युनिकच्या हॉकी पदकाचे मानकरी. लिअँडर वाढला कोलकात्यात, पण पॅरिसच्या लाल कोर्टावर पुरुष दुहेरी तीनदा जिंकला, १९९९, २००१ आणि २००९ साली. मोंटे कार्लोत रोहन बोपण्णा २०१७ ला पाब्लो क्वेव्हासबरोबर दुहेरी जिंकला. एकेरीत सुमित नागल. २०२४ ला पात्रता फेरीतून आला आणि इटलीच्या आर्नाल्दीला पहिला सेट गमावूनही हरवले. तिथे मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. पुढे रूनकडून हरला, पण त्या सामन्यासाठी मोडलेली माझी दुपारची झोप सार्थकी लागली.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. टीव्हीवर बघून ती सिमेंटच्या कोर्टावर घसरत फटका मारायला जाते. दोनदा गुडघे फुटले. रागावू की शिकू देऊ?
— एक आई, ताळगाव

सिमेंटवर अजिबात नको. मोठे खेळाडू तिथेही घसरतात, पण त्यांचे घोटे वेगळे आणि बूट दर आठवड्याला नवे. मातीवर घसरणे म्हणजे चेंडू मारून झाल्यावर पाय सरकणे नव्हे. फटक्याच्या आधीच घसरायला सुरुवात करायची, बाहेरच्या पायावर वजन, गुडघा वाकलेला, आणि चेंडू रॅकेटला लागतो त्याच वेळी पाय थांबला पाहिजे. मारून मग घसरला तर उलट धावायला दोन पावले उशीर. बुटाचा तळ सपाट नको. बांगड्याच्या काट्यासारखी बारीक नागमोडी नक्षी असलेला तळ घ्या, त्यात भुकटी अडकली की रॅकेटने बुटावर टक टक मारून पाडायची. टीव्हीवर ते सारखे तेच करतात, राग आलेला नसतो.

आधी अर्धा तास नुसते चालत घसरू दे, रॅकेट न घेता. शनिवारी सकाळी घेऊन या, शाळेमागच्या अर्ध्या कोर्टावर. पत्ता संपादकांकडे आहे. मी साडेपाचला पाणी मारायला असतो. मोजे जुने घाला, ते पुन्हा पांढरे होत नाहीत.